रक्तदाबाचे माप आणि मापातले पाप

आपल्या मंडळाची आरोग्य-शाखा गेली दोन वर्षे दर बुधवारी दुपारी रक्तदाब मोजण्याचा वर्ग चालविते, हे आळीत सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून जी शिल्लक पडली तिच्यातून मंडळाने दोन यंत्रे घेतली. एक घड्याळासारख्या तबकडीचे आणि एक बॅटरीवर आपोआप चालणारे. आपल्या आळीतल्या निवृत्त परिचारिका, ज्यांना लहानथोर सगळेच सिस्टरबाई म्हणतात, त्या शिकवितात. या वर्गाविषयी स्मरणिकेत काही लिहा, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. नुसती वर्गाची हकिकत लिहावी तर ती हजेरीपटासारखी व्हायची. म्हणून हे माप मुळात आले कोठून, कोणी शोधले, याचा मी थोडा मागोवा घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातली मराठी पुस्तके मी वाचली आणि इंग्रजी पुस्तकांतले माझ्या पुतणीने समजावून दिले. ती परिचारिकेचाच अभ्यासक्रम करीत आहे.

वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दाब मोजण्याची युक्ती माणसाला सापडायला दीडदोनशे वर्षे लागली खरी, परंतु तो खरा मोजायला शिकणे त्याहून अवघड गेले. यंत्र एकदा सुधारले की सुधारते. हात, कान, डोळा आणि घाई यांचे तसे नाही. ते प्रत्येक नव्या शिकणारणीबरोबर नव्याने सुधारावे लागतात. वाण्याच्या दुकानात आपण ‘मापात पाप’ म्हणतो, ते येथेही आहेच. फरक इतकाच की वाण्याच्या पापात छटाकभर साखर जाते आणि येथे माणूस जातो.

रक्त शरीरभर फिरते आणि पुन्हा हृदयाकडे येते, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली पुस्तक लिहून सिद्ध केले. फिरते म्हणजे कोणीतरी ढकलीत असले पाहिजे. मग किती जोराने ढकलते? हा प्रश्न पडायला आणखी शंभर वर्षे गेली, आणि पडला तोही एका धर्मोपदेशकाला. स्टीफन हेल्स हे लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचे पाद्री. वेळ मिळेल तेव्हा झाडांत पाणी कसे चढते, प्राण्यांत रक्त कसे चढते, याचे प्रयोग करीत. त्यांनी एका घोडीला बांधून पाडले, तिच्या मांडीजवळच्या धमनीत पितळी नळी घातली, आणि तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली. धमनीची गाठ सोडताच रक्त नळीत चढू लागले आणि हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर जाऊन खालीवर होत राहिले. हा वृत्तांत १७३३ साली त्यांच्या पुस्तकात छापला गेला. बिचाऱ्या घोडीचा त्यात जीव गेला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण रक्ताला जोर आहे आणि तो फूट-इंचांत मोजता येतो, हे जगाला तिच्यामुळे कळले, हेही खरे.

आता नऊ फुटी नळी घेऊन कोण कोणाच्या घरी जाणार! प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८२८ साली पॅरिसमध्ये युक्ती केली. त्याने नळी वाकवून तिच्यात पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, त्यामुळे जेथे फूट लागत होते तेथे बोटभर उंची पुरू लागली. आपण आज १२० म्हणतो ते १२० मिलिमीटर उंचीचा पारा. त्याच जोराला पाणी चढविले तर ते सुमारे पाच फूट चार इंच चढेल, म्हणजे आपल्या मंडळातल्या बहुतेकजणींच्या डोक्यावरून जाईल. आपले एवढेसे हृदय हे काम रात्रंदिवस, झोपेतही करीत असते.

परंतु प्वाझयच्या रीतीतही धमनी कापावी लागेच. अवयव कापण्याची शस्त्रक्रिया चालली असताना उघड्या धमनीला नळी जोडून फैव्र नावाच्या फ्रेंच वैद्याने १८५६ साली माणसाचा दाब पाहिला, तो १२० च्या आसपास भरला. पण केवळ माप घ्यायचे म्हणून चालत्याबोलत्या माणसाची शीर कोण कापू देईल? तेव्हा न कापता कसे मोजावे यामागे बरेचजण लागले. जर्मनीत फिरोर्ट यांनी मनगटाच्या नाडीवर तरफ ठेवून तिच्या पारड्यात वजने टाकून पाहिली. नाडी किती वजनाने थांबते ते बघायचे, अगदी तराजूचा हिशेब. व्हिएन्नाच्या फॉन बाश यांनी १८८१ साली पाण्याने भरलेली रबरी गादी नाडीवर दाबून तिचा जोर पाऱ्यावर वाचला. कल्पना बरोबर होती: बाहेरून इतके दाबा की आतले वाहणे थांबेल, जितक्याने थांबले तितका आतला जोर. पण मनगटाची नाडी कधी हाडावर असते, कधी सरकते, आणि आकडा आज एक तर उद्या दुसरा.

ही अडचण सोडविली इटलीतल्या तुरिन शहरच्या शिपिओने रिवा-रोची या तेहतीस वर्षांच्या डॉक्टरांनी, १८९६ साली. मनगट सोडून त्यांनी दंड धरला. दंडात एकच हाड आणि एकच मोठी धमनी. एका बाजूनेच दाबण्याऐवजी दंडाभोवती सबंध पट्टा गुंडाळला आणि तो हवेने फुगविला. सायकलच्या चाकातली रबरी नळी, एक शाईची दौत, थोडी तांब्याची नळी आणि पारा, अशा घरगुती सामानातून त्यांनी यंत्र जुळविले म्हणतात. पट्टा फुगवीत न्यायचा, दुसऱ्या हाताची बोटे रोग्याच्या मनगटावर ठेवायची. नाडी जेथे नाहीशी होते तेथे पारा वाचायचा. घरात मोडक्या वस्तूंतून काहीबाही उभे करण्याची सवय आपल्याला आहे, म्हणून मला या गृहस्थांविषयी विशेष आपुलकी वाटली. आज आपण जो पट्टा बांधतो तो त्यांचाच वंशज.

त्यांचा पट्टा मात्र फार अरुंद होता, जेमतेम चारपाच सेंटिमीटर. १९०१ साली रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी दाखविले की अरुंद पट्टा दाब खरा असेल त्याहून जास्त सांगतो. म्हणून तो बाराएक सेंटिमीटर रुंद हवा. कारण सोपे आहे. गोणी बांधताना बारीक सुतळी गोणीत रुतते, तिने आतले धान्य आवळायचे तर सुतळीला पुष्कळ ओढावे लागते. रुंद पट्टीने तेच काम थोड्या ओढीत होते. हा मुद्दा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, पण मला विचाराल तर आपल्या आळीत तो आजच्या सकाळइतका ताजा आहे. आपल्यापैकी कितीजणींचे दंड सडपातळ आहेत? यंत्राबरोबर येणारा एकच पट्टा सर्वांना गुंडाळला, तर भरदार दंडाच्या बाईचा आकडा उगीचच वर दाखविला जातो. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी रुंदीला दंडाच्या घेराच्या साधारण चाळीस टक्के आणि लांबीला ऐंशी टक्के असावी, असा नियम आहे. सिस्टरबाईंनी म्हणूनच पहिल्या दिवशी यंत्र न काढता शिवणाची टेप काढली आणि सर्वांचे दंड मोजले. ‘आधी घेर, मग गाठ’ असे त्यांचे म्हणणे. मंडळाने मोठा पट्टा वेगळा मागविला तो त्यानंतर. आणखी एक आपल्या बायकांचेच: घट्ट पोलक्याची बाही वर सारली की ती दंडाला दोरीसारखी आवळते, आणि बाहीवरूनच पट्टा बांधला तरी आकडा खोटा. वर्गाला येताना सैल बाहीचे पोलके घाला असे फळ्यावर लिहिलेले असते, ते काही उगीच नाही.

रिवा-रोचींचे यंत्र दूरवर गेले ते हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांमुळे. ते १९०१ साली इटलीत पाव्हियाच्या रुग्णालयात गेले असता त्यांनी हे यंत्र खाटेशी रोज वापरताना पाहिले, त्याचे चित्र काढून घेतले, एक पट्टाही मिळविला, आणि बाल्टिमोरला नेऊन शस्त्रक्रियेच्या वेळी वापरू लागले. सगळ्यांनी त्याचे स्वागत केले असे नाही. बोस्टनच्या मोठ्या डॉक्टरांनी समिती नेमून विचार केला आणि अनुभवी बोटाला जे कळते त्यापलीकडे या यंत्राने फारसे साधत नाही, असा अभिप्राय दिला. यंत्र आले की बोटे आळशी होतील, अशी भीतीही पुष्कळांनी बोलून दाखविली. मिक्सर आला तेव्हा पाट्याविषयी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हेच म्हटले होते, नाही का?

आता या कथेतला जो पुरुष मला सर्वांत मोठा वाटतो त्याच्याकडे येते. निकोलाय कोरोत्कोव्ह हे रशियातल्या कुर्स्क गावचे, जन्म १८७४ चा. रशिया आणि जपान यांचे १९०४-०५ साली युद्ध झाले, त्यात हे शल्यवैद्य म्हणून गेले. गोळ्यांनी धमन्या फुटलेले सैनिक त्यांच्यापुढे येत. फुटलेली धमनी बांधावी तर पुढचा हात किंवा पाय जगेल की सडेल, हा प्रश्न. आडवाटेने रक्त पोहोचत असेल तर जगेल. ते ओळखण्यासाठी ते धमनीवर नळी लावून ऐकत बसत. ऐकण्याच्या त्या नळीचीही एक गोष्ट आहे. १८१६ साली पॅरिसचे डॉक्टर लाएनेक यांना एका तरुण स्त्रीची छाती तपासायची होती, थेट कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकले. तेथून स्टेथोस्कोप निघाला. एका बाईची अब्रू राखण्यासाठी केलेल्या सुरळीने पुढे साऱ्या जगाची छाती ऐकली.

कोरोत्कोव्हांनी रिवा-रोचींचा पट्टा आणि लाएनेकची नळी एकत्र आणली. पट्टा फुगवून धमनी पुरती बंद केली तर काहीच ऐकू येत नाही. हवा हळूहळू सोडू लागले की एका क्षणी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. रक्ताची पहिली उसळी निसटली. तो वरचा आकडा. मग आवाज वाढतात, मध्येच सूं-सूं होतात, पुन्हा स्पष्ट होतात, मग दबतात आणि नाहीसे होतात. रक्त मोकळे वाहू लागले. तो खालचा आकडा. बोटाने वरचा आकडा सापडत होता, खालचा नीट सापडत नव्हता. कानाने दोन्ही सापडले. १९०५ च्या नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या सैनिकी वैद्यक अकादमीपुढे त्यांनी हे सांगितले. छापील निवेदन पुरते एक पानही भरत नव्हते. श्रोत्यांनी शंका काढल्या, त्यांची त्यांनी उत्तरे दिली. पुढे हे गृहस्थ सैबेरियातल्या सोन्याच्या खाणींवर डॉक्टर होते आणि १९२० साली, पन्नाशीही न गाठता, वारले. त्यांच्या एका पानावर जगातले डॉक्टर शंभर वर्षे दाब मोजीत आले. आपण वर्गात कानात नळ्या घालून जे ऐकतो त्याला अजूनही कोरोत्कोव्हांचे ध्वनी असेच म्हणतात.

ते ध्वनी ऐकू येणे मात्र वाटते तितके सोपे नाही. पहिले काही दिवस पंखा ऐकू येतो, शेजारच्या कुकरची शिटी ऐकू येते, स्वतःच्याच कानातली धडधड ऐकू येते. हवे ते येत नाही. सिस्टरबाईंजवळ दोघींनी एकदम ऐकण्याचा, कानाच्या चार टोकांचा स्टेथोस्कोप आहे. शिकणारी आणि शिकविणारी एकाच वेळी एकच आवाज ऐकतात, आणि ‘टक्’ झाले की दोघींनी बोट वर करायचे. बोटे बरोबर वर जाऊ लागली की बाई पुढच्या पाठाला नेतात. कानातल्या टोकांचे तोंड नाकाच्या दिशेला हवे. कोपराच्या लवणीत आतल्या बाजूला धमनीचे ठोके आधी बोटाने शोधून तेथेच चकती ठेवायची, ती पट्ट्याखाली खुपसायची नाही. आणि कान लावण्यापूर्वी एकदा रिवा-रोचींचे काम करायचे: मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवायचा, नाडी कोठे जाते ते पाहायचे, आणि ऐकताना त्याच्या वर आणखी वीसतीस न्यायचे. काही माणसांत पहिल्या ठोक्यांनंतर आवाज मध्येच गडप होतो आणि बराच खाली आल्यावर पुन्हा सुरू होतो. जिने नाडी धरली नाही ती त्या मधल्या शांततेतच थांबते, खालचे ठोके पहिले समजते आणि मोठा दाब असलेल्या माणसाला ‘छान आहे’ म्हणून घरी पाठविते. हवा सोडताना दर सेकंदाला दोन मिलिमीटर, म्हणजे तबकडीवरची एकेक बारीक रेघ. भराभर सोडले की ठोका दोन रेघांच्या मध्ये हरवतो.

खालचा आकडा आवाज दबतो तेथे धरायचा की नाहीसा होतो तेथे, यावर डॉक्टरांतच कित्येक वर्षे वाद होता. १९३९ साली अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या हृदयतज्ज्ञांनी मिळून मापनाचे नियम ठरविले, तेव्हा दबण्याचा ठोका मानला. अमेरिकेत १९५१ साली तो बदलून नाहीसा होण्याचा मानला, आणि आता तोच रूढ आहे.

हे सगळे इतके काटेकोर कशासाठी, असे कोणी विचारील. कारण या आकड्याचे महत्त्व डॉक्टरांनाही उशिरा पटले. वय झाले की दाब चढायचाच, कडक झालेल्या शिरांतून रक्त ढकलायला तो हवाच, असे एके काळी बरेच तज्ज्ञ मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९४४ च्या मार्चमध्ये ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने तपासले तेव्हा दाब १८६ आणि १०८ होता. त्या काळी तो उतरविणारे भरवशाचे औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके भयंकर दुखते म्हणत ते कोसळले. तेव्हा दाब तीनशेच्या वर गेला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. एवढ्या मोठ्या देशाचा धनी, पण हाताशी औषध नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली, आणि चढलेला दाब हा हृदयविकार व पक्षाघात यांची पूर्वसूचना आहे, हे त्यातून हळूहळू निर्विवाद झाले.

औषधाच्या कथेत आपल्या मुंबईचाही मान आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती, वैद्यांच्या वापरातली. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन, त्यांचे दाब नोंदवून, १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५७ साली त्यांना अमेरिकेतले लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि सर्पगंधा मागे पडली, कारण तिने काहींचे मन फार उदास होई. पण पाहा, झाडपाला गुणकारी आहे असे तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातच होते. जगाला ते पटले दंडावरच्या पट्ट्याने मोजल्यानंतर.

मोजणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहिले ते आणखी पुढे. १९४० साली बोस्टनच्या एमन आणि गोल्डशाइन या दोघांनी रोग्यांना घरीच दाब मोजायला लाविले. घरचे आकडे दवाखान्यातल्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी निघाले. डॉक्टरांचा पांढरा कोट पाहूनच दाब चढतो, हे आज सर्वमान्य आहे; पण सामान्य माणसे शिकविल्यास घरी मोजू शकतात, हे ज्या वर्षी दिसले ते १९४०, याचे मला कौतुक वाटते. आपला बुधवारचा वर्ग म्हणजे काही आजकालचे फॅड नव्हे.

लंडनमध्ये १९६४ साली रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे यंत्र केले की मोजणाऱ्याला पारा दिसतच नाही. पहिला ठोका आला की एक दट्ट्या दाबायचा, आवाज गेला की दुसरा. आकडे मागाहून वाचायचे. कारण त्यांना आढळले होते की माणसाचा डोळा शून्याकडे ओढला जातो. १२०, १३०, ८०, ९० असे गोल आकडे लिहिण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो, आणि जो आकडा मनात आधी धरलेला असतो तो कानाला ऐकू येतो. आपल्या वर्गाच्या पहिल्या तुकडीच्या वहीत हे जसेच्या तसे उमटले आहे. पहिल्या महिन्यातली पाने पाहावीत तर ओळीने शून्ये! सिस्टरबाईंनी ती वही सर्वांपुढे धरून विचारले, “काय गं, देवाने साऱ्या आळीला दहाच्या पाढ्यावर घडवलंय का?”

दोन प्रसंग सांगते. नावे सांगत नाही. आळीतल्या एका वहिनींना एका दवाखान्यात १७० दाब सांगितला गेला. तीन जिने चढून त्या गेलेल्या, बसतात न बसतात तोच पट्टा बाहीवरून बांधला, हात खाली लोंबकळत, आणि तोंडाने मुलीच्या लग्नाची हकिकत चाललेली. गोळ्या वाढल्या. आठवड्याभराने पहाटे मोरीत चक्कर येऊन पडल्या आणि मनगट मोडले. प्लॅस्टर निघाल्यावर त्या मंडळात आल्या. सिस्टरबाईंनी त्यांना पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न घालता, लघवीला जाऊन आल्यावर, पाच मिनिटे गप्प बसविले. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या बरोबरीला. येथे हेल्स पाद्रीबोवांची नळी आठवावी: रक्तालाही वजन आहे, हात चार इंच खाली राहिला की आकडा सातआठ मिलिमीटर चढतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नाही, मोजताना बोलणे नाही. आपल्याला हे शेवटचेच सर्वांत कठीण जाते. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोन वेळा मोजलेली वही घेऊन त्या आपल्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ती शांतपणे वाचली आणि गोळी निम्मी केली. गोळी डॉक्टरांनी कमी केली, मंडळाने नव्हे, हे मुद्दाम सांगते. मंडळ मोजते, औषधाला हात लावीत नाही.

दुसऱ्या काकू. त्यांना काही होत नव्हते. वर्गातल्या मुलींना सरावासाठी हात हवे असतात, म्हणून त्या केवळ उपकार म्हणून येऊन बसल्या. शिकणारणीने मोजले आणि तिचा स्वतःच्या कानावर विश्वास बसेना. सिस्टरबाईंनी चार टोकांची नळी लावून पुन्हा ऐकले, मिनिटभर थांबून दुसऱ्या हातावर, पुन्हा थांबून परत: १८८ आणि ११०, १८६ आणि ११०, १८४ आणि १०८. डोके दुखत नाही, घेरी नाही, काही नाही. काकू हसत होत्या, “अगं, मी सकाळी दोन शेर पुरण वाटलंय, मला काय धाड भरलीय!” त्याच संध्याकाळी त्यांच्या सुनेला बरोबर घालून डॉक्टरांकडे पाठविले. मूत्रपिंडाची आणि हृदयाची तपासणी झाली, औषध सुरू झाले. दीड वर्ष झाले, काकू वर्गाला हात द्यायला अजून येतात आणि आता पुरण सुनेकडून वाटवून घेतात.

पाऱ्याचे राज्य आता संपत आले आहे. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून लोकांच्या पोटात गेला; १९५६ साली तो रोग उघडकीस आला, आणि आयांच्या पोटातली मुलेही त्यातून सुटली नाहीत. त्या गावाच्या नावाने २०१३ साली देशोदेशींचा करार झाला. पाऱ्याची रक्तदाबयंत्रे बनविणे आणि त्यांचा व्यापार बंद करायला त्यात २०२० हे वर्ष ठरले, देशांना काही वर्षे सवलत मागण्याची सोय ठेवून. भारतानेही २०१८ साली त्याला मान्यता दिली. पारा गेला तरी मिलिमीटर राहिले. तबकडीच्या यंत्रावर पारा नसतो, आकडे त्याचेच असतात. ही तबकडी पडली-आपटली की चुकीचे दाखवू लागते, म्हणून ती वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावी लागते.

बॅटरीचे यंत्र ऐकत नाही. पट्टा सैल होत असता धमनीच्या उसळीने त्यातली हवा थरथरते, ती थरथर ते मोजते आणि वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढते. ही थरथर फ्रान्सच्या मारे यांनी १८७६ सालीच पाहिली होती. तिच्यावर चालणारी यंत्रे रुग्णालयांत आली ती शंभर वर्षांनी. त्याला शून्याचा मोह नाही, हे त्याचे मोठे पुण्य. पण नाडी अनियमित असेल तर ते गोंधळते, आणि लहान पट्टा, घट्ट बाही, लोंबता हात, गप्पा, यांतले काहीएक त्याला दिसत नाही. म्हणून सिस्टरबाई दोन्ही यंत्रे शिकवितात, आणि पहिल्या भेटीला दोन्ही दंड मोजून जो अधिक भरेल तोच पुढे कायम धरावयास लावतात.

या वर्षी दुसऱ्या तुकडीची वही पूर्ण झाली. तिच्यात नाव, वेळ, कोणता दंड, कोणता पट्टा, पहिले माप, दुसरे माप आणि मोजणारीची सही असे रकाने आहेत. तबकडीवर रेघा दोनदोनच्या असल्याने तेथले आकडे समच येतात: १३४ आणि ७८, १२६ आणि ८२, १४८ आणि ९४. वही मंडळाच्या कपाटात खालच्या खणात आहे. ज्यांचे माप असेल त्यांना आपले पान उतरवून डॉक्टरांकडे नेता येते. तिसरी तुकडी श्रावण संपल्यावर सुरू होईल. हात देणाऱ्या भगिनी नेहमीच कमी पडतात, तरी दुपारी मोकळ्या असतील त्यांनी सैल बाहीचे पोलके घालून यावे, आणि चहा वर्ग झाल्यावर घ्यावा.